राणीसाहेब विकणे आहे

३ मार्च

घडलं ते असं :
१. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबायला कायमची मनाई.
२. भाड्याचं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये जातोय. तिथलं पार्किंग उघड्यावर.
३. बाबांची गाडी, लांब पल्ल्यासाठी बनवलेली जुनी ब्रिटिश ग्रँड टूरर, दोन दरवाजे, सहा सिलिंडर, उघड्यावर राहिली तर वर्षभरात गंजेल.
४. म्हणून विकायची. काम माझ्याकडे.

बाबा म्हणाले, दादाला सांगितलं तर तो रडत बसेल, तू कोरडी आहेस, तुलाच जमेल. हे कौतुक समजते. मी कंपन-चाचणी विभागात आहे. यंत्राकडे यंत्र म्हणूनच बघते. बाबा तिला राणीसाहेब म्हणतात. मी इथे 'वाहन' लिहिणार. महिनाअखेरीला गॅरेज घरमालकाला परत द्यायचंय. दोन आठवडे पुरेत.

५ मार्च

जाहिरात टाकली. कुणाची फसवणूक नको म्हणून सगळे दोष नोंदवले. डावी काच अर्ध्यात अडकते. हीटर बंद होत नाही. घड्याळ बंद आहे. ऑइल गळतं, पण शिस्तीत, एकाच जागी.

दादाचा फोन. अगं, ही जाहिरात आहे की पोस्टमॉर्टेम? आई म्हणाली, उद्या कुणाचं स्थळ सुचवशील तर मुलीची किडकी दाढही लिहून पाठवशील.

फोटोसाठी वाहन धुतलं. चाकांच्या तारा टूथब्रशने घासल्या. मग फोटोपुरता उजेड उरला नाही.

९ मार्च

पहिले ग्राहक, दातांचे डॉक्टर. बसले, चावी पूर्ण फिरवली, नुसती घरघर. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा घाम.

तांत्रिक नोंद : चावी अर्धीच फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टिकटिक करतो. टिकटिक थांबली, म्हणजे पुढे पेट्रोल पोचलं. मग स्टार्टर. त्याआधी घाई केली तर ती ऐकत नाही. म्हणजे वाहन.

हे त्यांना सांगायचं राहिलं. ते गेल्यावर मी बसले. पहिल्या फटक्यात सुरू. तपासणी म्हणून नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. पुलावर थोडं थांबले. इंजिन गार व्हावं म्हणून.

संकल्प : पुढच्या ग्राहकाला टिकटिक आधी सांगायची.

१४ मार्च

एक नवरा-बायको. त्याने विचारलं, कप ठेवायला जागा कुठाय? ती म्हणाली, हा हिरवा रंग फारच उदास आहे, लाल मारून घेऊ, फोटोत उठून दिसेल.

टिकटिक सांगितली नाही. या वेळी विसरले नाही, यामागे पद्धत आहे. उत्तर आधीच फोडलं तर परीक्षेला अर्थ काय? बॅटरी उतरेपर्यंत त्याने स्टार्टर मारला. ते रिक्षाने गेले.

आई खिडकीतून बघत होती. जेवताना म्हणाली, पंपाचं सांगितलंस का गं त्यांना? मी म्हटलं, ही चाचणी आहे. ती म्हणाली, हो, कुणाची ते कळतंय. बाबा ताटात बघून हसले. मुद्दा अस्पष्ट होता, सोडून दिला.

१६ मार्च

काच दुरुस्त केली. हीटरही. किंमत चांगली यावी, एवढ्यासाठीच. घड्याळ उघडून ठेवलंय.

ऑफिसात एकाने विचारलं, रजा कशासाठी? कौटुंबिक कारण, असं लिहिलं. दुसरा पर्यायच नव्हता फॉर्मवर.

२१ मार्च

निवृत्त पायलट. हात स्थिर, प्रश्न नेमके, गाडी ठेवायची जागा बंदिस्त. सर्व निकषांत पास. उतरताना दरवाजा आपटला. नाकारले.

बाबा म्हणाले, गॅरेज सोडायचंय, लक्षात आहे ना? वर म्हणाले, जावई बघताना तरी एवढी कडक राहू नकोस. परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे असं मी सांगितलं.

२७ मार्च

गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. साठीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. बसल्या. चावी अर्धी फिरवली. बाबा आणि मी बोलत होतो, तर बोट वर करून म्हणाल्या, श्श, जरा थांबा हो. टिकटिक थांबेपर्यंत डोळे मिटून बसल्या. मग स्टार्टर. पहिल्या फटक्यात.

तुम्हाला हे कुणी सांगितलं, मी विचारलं. बाई म्हणाल्या, कुणी कशाला सांगायला हवं? ती काहीतरी बोलत होती, मध्येच कशी तोडू?

मी हरकती काढल्या. गॅरेज? आहे, छपराचं. ऑइल गळतं. गळू दे, खाली ट्रे ठेवीन. घड्याळ उघडंच आहे. मला कुठे गाडी पकडायचीय? दरवाजा त्यांनी असा लावला की आवाजच आला नाही. मी म्हटलं, पंप एकदा पुन्हा तपासायला हवा. बाबा म्हणाले, पुरे, आणि हात पुढे केला.

व्यवहार वेळेत पूर्ण. समाधानी आहे. जेवले नाही, भूक नव्हती.

३१ मार्च

वाहन गेलं. कोपऱ्यावर बाईंनी गिअर अगदी योग्य वेळी बदलला. एवढं अचूक करायची काही गरज नव्हती.

दादा व्हिडिओ कॉलवर रडला. कुणीतरी रडायचं होतंच, काम वाटून घेतलेलं बरं. गॅरेज धुतलं. ऑइलचा डाग निघाला नाही. घरमालकांना चावी दिली. ते म्हणाले, ताई, ही तर गाडीची दिसतेय. बदलून दिली. वाहनाची दुसरी चावी पर्समध्ये कशी राहिली, सांगता येत नाही.

२ एप्रिल

बाईंना फोन केला. दर रविवारी येऊन इंजिन तपासून देईन, पूर्णपणे तांत्रिक कारणासाठी, असं सुचवलं. बाई म्हणाल्या, अगं, रविवारी तर तुझे बाबा येणार आहेत. हात मिळवला तेव्हाच ठरलं आमचं. ते शेजारी बसणार, मी चालवणार. तुला बोलले नाहीत?

बाबांना विचारलं. पेपरमागूनच म्हणाले, तू कोरडी ना, तुला कशाला त्रास?

बाईंना पाठवलेला मेसेज :

'बाई, नमस्कार. दुसरी चावी माझ्याकडे राहिली आहे. कुरिअरने पाठवणं योग्य वाटत नाही, स्वतः आणते. घड्याळ जोडायचं आहे. एका खेपेत होणार नाही. राणीसाहेबांना शनिवारी सकाळी वेळ आहे का, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावं.'