जो. डोळे, कप्तान

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सकाळी ७.४०
डीएनएचा रिझल्ट आला. ९९ टक्के भारतीय उपखंड, १ टक्का वायव्य युरोप. एक टक्का! मला माहीत होतंच. आमच्या घरात सगळ्यांचे डोळे उगाच घारे नाहीत.
सुमेधाला उठवून सांगितलं. बायको वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असली की तिला वाटतं सगळं विज्ञान आपल्याच घरचं. म्हणाली, एक टक्का म्हणजे काहीच नाही, आणि शनिवारी निदान आठपर्यंत झोपू दे.
संकल्प: आजपासून रोज एक तास वंशशोध. साखर बंद.

२ फेब्रुवारी, रविवार
मुद्दे नीट मांडून ठेवतो, नंतर गोंधळ नको.
आडनाव डोळे. इंग्रजी स्पेलिंग डी-ओ-एल-ई, आणि इथे डोल म्हणजे बेकारभत्ता. बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात टॅक्स भरतोय, आणि बावीस वर्षं प्रत्येक नवा मॅनेजर विचारतो, ऑन द डोल, मेट? आणि स्वतःच हसतो. अमेरिकेत मात्र डोल हे जुनं, खानदानी आडनाव आहे. तिथे कोणी हसत नाही.
शिवाय आजोबांची वही. बाबा गेल्यावर त्यांच्या बॅगेतून माझ्याकडे आली. घराण्याच्या नोंदींच्या अगदी शेवटी एक ओळ: ‘जो. डोळे, कप्तान. समुद्रापलीकडे गे’, मग एक काळपट डाग, मग ‘पुन्हा दृष्टीस पडणे नाही.’ डागाखाली अर्थातच ‘ला’ आहे. गेला.
आता वाईच्या डोळ्यांमध्ये जो कोण? जो म्हणजे Joe! अंगावर काटा आला.
सुमेधाने वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, हे बॉलपेनने लिहिलंय. म्हटलं, आजोबांनी जुन्या कागदावरून नक्कल केली असणार. एवढं साधं हिला सुचत नाही.
चहात साखर घेतली. रविवार धरायचा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
सापडला!!!
मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाची जुनी मृत्युपत्रं ऑनलाइन आहेत. हेझेकाया डोल, शेतकरी, १७९१. मोठ्या मुलाला शेत, धाकट्याला होडी, मुलीला गादी आणि पितळेची पातेली. आणि मग: ‘माझा मुलगा जोथम, जो समुद्रापलीकडे निघून गेला, त्यास एक शिलिंग, आणि अधिक काही नाही.’
जोथम. जो. समुद्रापलीकडे. शब्दसुद्धा तेच! म्हणजे जोथम मुंबईला उतरला, पेशव्यांच्या फौजेत कप्तान झाला, वाईला स्थायिक झाला. डोलचं डोळे झालं. याला म्हणतात संशोधन.
सुमेधाने विचारलं, या गोऱ्या कप्तानाच्या पोराची मुंज कोणी लावली? टिंगल करणाऱ्यांना मी उत्तरं देत नाही.
एक शिलिंग का, ते चिन्मयीला विचारलं. आमची मुलगी, uni मध्ये लॉ करते. म्हणाली, बेसिकली ही गॉट कट ऑफ, डॅड. बाप नाव घालायला विसरला असं कोर्टात कोणी म्हणू नये म्हणून एक शिलिंग ठेवायचा.
वाचून डोळ्यांत पाणी आलं. पोटच्या पोराला असं तोडायचं? बरं, बाप तिरसट असेल, पण बाकीचं घर काय करत होतं? एकालाही दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत? अशी कशी माणसं असतात!
सुमेधा भाजी निवडता निवडता म्हणाली, तुझी एक आत्या होती ना डार्विनला? म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

१६ फेब्रुवारी, रविवार
नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. बाबांच्या धाकट्या बहिणीने १९७१ मध्ये एका गोव्याच्या ख्रिश्चन इंजिनिअरशी लग्न केलं आणि ती डार्विनला गेली. आजोबांनी तिचं नाव टाकलं. आमच्या घरात ती म्हणजे फक्त ‘ती’. नाव काय, हे मला माहीतही नाही. मी सिडनीला आलो तेव्हा तिचं कार्ड आलं होतं. खाली सही, तुझी आत्या. उत्तर लिहायचं राहिलं. डार्विन विमानाने चार-साडेचार तास, पण योग आला नाही. आणि मोठ्यांच्या भांडणात मी पडत नाही. माझं तत्त्वच आहे ते.
जोथमची गोष्ट वेगळी. तिथे अन्याय झाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
१७८४ ची टॅक्सची यादी मिळाली. हेझेकाया डोल: दोन गायी, एक डुक्कर, अर्धी होडी. डुकराचा उल्लेख लोकांसमोर टाळावा.

२ मार्च, रविवार
डीएनएच्या साइटवर मॅच आली! नाव yams_NT. NT म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी, म्हणजे डार्विनकडचं कोणीतरी. माझ्याशी १२.३ टक्के जुळतं.
थोडा विचार केल्यावर सगळा उलगडा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य डार्विनला होतं. जोथमच्या भावाची शाखा तेव्हा इथे आली आणि राहिली.
सुमेधाने सरळ सांगितलं की बारा टक्के म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचं नातं नाही, सख्खं आत्ये-मामे भावंड. आवाज जरा चढला होता तिचा. म्हटलं, तू युरीन कल्चर बघतेस, यातलं तुला काय कळतं.
yams_NT ला मोठा मेसेज लिहिला: डियर कझिन, युवर लॉस्ट ब्रांच हॅज बीन फाउंड.

४ मार्च, मंगळवार. स्टँडअप मीटिंग चालू असताना
उत्तर आलं! ती बाई आहे. लिहिते, तिची मम ‘इज अ डोल फ्रॉम वे बॅक’. वे बॅक! सतराशे सालचं बॅक!
मम सत्याहत्तर वर्षांची आहे. हार्टच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी डार्विनहून वेस्टमीडला येत आहे. १२ ला अॅडमिट, २१ ला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले या वयात सोपं नाही. ममला ऑपरेशनच्या आधी मला एकदा बघायचंय.
केवढी माहिती असेल त्या बाईंकडे! हातची जाऊ देता कामा नये.
संकल्प: १२ लाच भेटायला जायचं.

८ मार्च, शनिवार
भेटीआधी सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. उत्तरं संध्याकाळपर्यंत आली. yams लिहिते, मम इतकी हसली की चहा सांडला.
प्रश्न ४, घरी गायी होत्या का? उत्तर: होत्या, दोन, त्यातली एक लाथ मारायची. टॅक्सच्या यादीतही दोनच! डुकराबद्दल मात्र ममने साफ नकार दिला. त्यांनाही ते लपवावंसं वाटतंय.
प्रश्न ९, घराण्यात कप्तान? उत्तर: हो, हे खरं आहे, पण ते ती समोरासमोर सांगेल.
कप्तान कन्फर्म!! इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करून २२ मार्चला व्याख्यान पक्कं केलं. विषय: डोल ते डोळे, एका अमेरिकन कप्तानाचा वंशवेल.

१२ मार्च, बुधवार
वेस्टमीडला जाणं जमलं नाही. पहिल्या दिवशी पेशंट दमलेला असतो.

१५ मार्च, शनिवार
निघालो होतो. कारपार्कचे दर आठवले. ट्रेनने अर्धा तास लागतो, पण ट्रेनमध्ये लॅपटॉपवर नकाशे नीट दिसत नाहीत. परत आलो.
सुमेधा डार्विनच्या त्या बाईंबद्दल काहीतरी सांगत होती. म्हणे रोज लंचला त्यांच्याकडे जाते, छान मराठी बोलतात. मी टॅक्सच्या यादीत होतो, हं हं म्हटलं. नंतर लक्षात आलं: मराठी! म्हणजे त्या शाखेनेही भाषा जपली. स्लाइड १४ मध्ये घातलं.
मग सुमेधाने माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उपसला. काय शोधतेस विचारलं, तर म्हणाली, जुनी पत्रं.

२० मार्च, गुरुवार
उद्या ऑपरेशन. आज मुद्दाम सुट्टी घेतली. पण स्लाइड ९ मध्ये जोथमचं जहाज डावीकडून उजवीकडे जाताना आफ्रिकेवर चढत होतं. ते उतरवण्यात तीन वाजले. yams चा मेसेज आला: मम इज आस्किंग, इज ही कमिंग धिस आर्वो? म्हणजे आज दुपारी. लिहिलं, सो सॉरी, मस्ट मीट आफ्टर. नो वरीज, असं उत्तर आलं. या देशातली माणसं समजूतदार.
सुमेधा आली ती सरळ आंघोळीला गेली.

२२ मार्च, शनिवार
घडलं तसं लिहितो.
बावीस माणसं. त्यातली निम्मी वड्यांसाठी लवकर आलेली. जहाज व्यवस्थित गेलं. मृत्युपत्र वाचताना मला रुमाल काढावा लागला. बापाने एक शिलिंग देऊन तोडलं आणि घराने दोनशे वर्षं तोंड फिरवलं, असं म्हणालो. सुमेधा मागच्या रांगेत होती. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं तिलाही भरून आलं.
मग आजोबांच्या वहीचं पान भिंतीवर लावलं, माणसाएवढ्या अक्षरात. तिथे प्रल्हादकाका उठले. रविवारच्या मराठी शाळेत शुद्धलेखन घेतात, सवय आहे त्यांना उठायची. म्हणाले, डोळे, ते गेला नाही. डागाच्या वर वेलांटी दिसतेय. दीर्घ. गेली आहे ते.
बघितलं. लॅपटॉपवर कधी दिसली नव्हती. भिंतीवर फूटभर वेलांटी, स्वच्छ. गेली.
मी सावरून घेतलं. म्हणालो, म्हणजे कप्तान स्त्री होती, हा तर त्याहून मोठा शोध. लोक हसले. माझ्याबरोबर नव्हे. एवढं मलाही कळतं.
गाडीत बसल्यावर सुमेधाने इंजिन चालूच केलं नाही. म्हणाली, चंद्रहास, आता मध्ये बोलू नकोस. तुझ्या आत्याचं नाव जोगेश्वरी. कुलदेवीवरून ठेवलेलं. जो. डोळे. वाईच्या शाळेच्या खो-खो संघाची कप्तान होती, आजोबा गावभर पेढे वाटत हिंडले होते तेव्हा. त्यांनीच लिहिलंय ते, बॉलपेनने. yams म्हणजे यामिनी, तिची मुलगी, तुझी आत्येबहीण. आत्या दहा दिवस तुझी वाट बघत होती. ऑपरेशन झालं, पण ती अजून शुद्धीवर आलेली नाही.
मी विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस.
म्हणाली, चार वेळा सांगितलं.

२३ मार्च, रविवार
आयसीयूत फक्त एकाला सोडतात. यामिनी आहे आत. आत्याने अजून डोळे उघडलेले नाहीत.
लिहिण्यासारखं काही नाही.

२४ मार्च, सोमवार
सकाळी ११.१०. उघडले. सुमेधाचा फोन. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. बाहेर मॅनेजर उभा होता. यू राइट, मेट? म्हटलं, ऑल गुड.

२८ मार्च, शुक्रवार
काल आत्याला आयसीयूतून हलवलं. ट्रेनने गेलो. सकाळी दहाला वॉर्डात.
खाटेवर आमच्याच घरातलं नाक, आमचेच डोळे. छातीशी उशी कवटाळून बसलेली, हसलं किंवा खोकलं की टाके दुखतात म्हणून. शेजारी पंचेचाळिशीची बाई, तीच यामिनी. मला म्हणाली, अबाउट टाइम, जोथम.
आत्याने नीट न्याहाळलं. विचारलं, दादाचा चंदू ना रे? बावीस वर्षांत मला कोणी चंदू म्हटलं नव्हतं. पाया पडलो. खिशात सत्तावीस प्रश्न होते, प्रिंट काढलेले. म्हणाली, विचार हवं ते. एकही विचारता येईना. तेव्हा ती म्हणाली, मग मीच एक विचारते. तू या देशात आलास तेव्हा मी कार्ड टाकलं होतं, ते पोचलं होतं का?
मी म्हणालो, नाही गं आत्या. पोचलं असतं तर मी लिहिलं नसतं का?
म्हणाली, वाटलंच मला. पोस्टाचं काही खरं नाही.
मग पाण्याचा ग्लास तिला द्यायला टेबलाकडे वळलो. ग्लासामागे कार्ड उभं होतं. माझ्याच ड्रॉवरमधलं. सुमेधाने ठेवलेलं. तुझी आत्या, अशी सही असलेली बाजू पुढे.
ग्लास हातात तसाच. आत्याने यामिनीला खूण केली. यामिनीने पर्समधून दहा सेंटचं नाणं काढून आत्याच्या हातात दिलं, आत्याने माझ्या. म्हणाली, इथे जुन्या शिलिंगाचे दहा सेंट झाले. घे, तुझा शिलिंग. माझ्या बापाने मला तेवढाही ठेवला नव्हता.
आणि हसायला लागली. उशी घट्ट धरून, कळ येतेय तरी हसतेय. यामिनीही. मला मान वर करवेना.
जरा वेळाने आत्याने विचारलं, त्या मृत्युपत्रात शिलिंगाच्या पुढे काय होतं रे? सुमेधा सांगत होती.
म्हणालो, आणि अधिक काही नाही.
म्हणाली, ते खोडून टाक. आणि उद्या दहालाच ये. इथलं जेवण अगदी पाणचट आहे. येताना लिंबाचं लोणचं आण थोडं, सिस्टरला दिसणार नाही असं.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ८.०५
लोणचं घेतलं. झाकण घट्ट आहे का ते दोनदा पाहिलं. ८.४० ची ट्रेन.