तुझ्या भाचीची ट्रायल

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (सध्या कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जी अंगं वाकली तेवढ्यांनीच केला आहे. बाकीचा कंबर सुटल्यावर.) तुझी तब्येत बरी असेल. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? मागे फोनवर ते सांगत होते की डॉक्टरांनी बाजारात जायला आणि ओझं उचलायला मनाई केली आहे, आणि आवाजात इतका आनंद होता की मला गुडघ्यापेक्षा तुझीच काळजी वाटली. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक माझ्याशी बोलत नाही. ते एक म्हणजे तुझी भाची. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस. पत्र वाचताना हसलीस तरी मला कळणार नाही.

विषय तिच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचा. आपल्या वेळी परीक्षेची तारीख यायची, आपण ती सोसायचो आणि घरी येऊन जेवायचो. आता ही परीक्षा वर्षातून चार खेपांना होते. हवी तेव्हा द्या, हव्या तितक्या वेळा द्या, ज्यात मार्क जास्त ते धरतात. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून हे कुणीतरी केलं, आणि तो कमी झालाही. सगळाच्या सगळा आईबापांवर आला. पूर्वी तारीख पाळायची असायची, आता निवडायची असते, आणि निवडायचं म्हटलं की आमच्या घरात काय होतं ते तू आमच्या सोफ्याच्या वेळी पाहिलं आहेस. (तो अजून दोघांनाही आवडत नाही.)

तुझी भावजय दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते. त्या कामात तिचा एक नियम आहे: पहिली मोकळी वेळ कुणालाही द्यायची नाही. लगेच वेळ मिळाली की माणसाला वाटतं, या डॉक्टरांकडे कोणी येत नसावं. गाल धरून कण्हत आलेल्या माणसालाही ती आधी वही पुढेमागे चाळून दाखवते आणि मगच आत सोडते. त्यामुळे मुलीने पहिल्याच खेपेला परीक्षा द्यावी हे तिला पटेना. पोरगी रिकामीच बसली होती असं कॉलेजवाल्यांना वाटेल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कॉलेजवाल्यांना दाढा नसतात. त्यावर दोन दिवस अबोला झाला, आणि शेवटी तिसऱ्याचं मत घ्यावं म्हणून आम्ही एका प्रवेश सल्लागाराकडे गेलो.

या गृहस्थाचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. त्याची खुर्ची उंच आणि आपल्या खुर्च्या बुटक्या, त्यामुळे पहिल्या मिनिटापासूनच आपलं काहीतरी चुकलं आहे असं वाटायला लागतं. त्याने विचारलं, मुलगी दिवसातल्या कोणत्या वेळी प्रसन्न असते? मी म्हटलं संध्याकाळी, ही म्हणाली सकाळी. (मुलगी शेजारीच बसली होती आणि त्या क्षणी तरी प्रसन्न दिसत नव्हती.) तिला विचारावं म्हणून मी वळलो तर त्याने हात वर करून थांबवलं. तिच्यावर ताण आणू नका, म्हणाला. मग त्याने कॉम्प्युटरवर एक रंगीत डोंगर काढला आणि सांगितलं की प्रत्येक मुलाचा एक शिखरकाळ असतो, आणि सगळं कौशल्य तो ओळखण्यात आहे. पहिल्या खेपेला मूल कच्चं असतं, दुसरीला गर्दी होते, चौथीला घाबरगुंडी. तुमच्या मुलीचं शिखर तिसऱ्या खेपेला. आता तिसरी खेप होईपर्यंत यंदाचे प्रवेश बंद होतात, म्हणजे कॉलेज पुढच्या वर्षी. पण शिखरावर चढायचं तर वर्षाकडे काय बघायचं, असं त्याचं मत पडलं. मला ते एकदम पटलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिलाही पटलं असावं असं मी धरून चाललो.

तरी माझ्यातला शिंपी काही गप्प बसेना. ताई, इतकी वर्षं मी कात्री चालवतो आहे, पण ट्रायल दिल्याशिवाय एकही कोट दुकानातून बाहेर गेलेला नाही. कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करायचं, खांद्यावर खडूच्या खुणा करायच्या, आणि मग सगळं उसवून पक्कं शिवायचं. मी म्हटलं, पहिल्या खेपेला हिला नुसतं बसवू. ट्रायल म्हणून. कुठे सैल आहे, कुठे आवळतंय ते कळेल. सल्लागार म्हणाला, मी आता तेच सांगणार होतो.

ट्रायलच असल्यामुळे त्या परीक्षेचं घरात कुणी काही केलं नाही. मी सुट्टी ठेवली ती मुख्य परीक्षेसाठी. घरातला टीव्ही बंद होणार तोही तेव्हाच. खालच्या मजल्यावरच्या ड्रिलवाल्याला (तो गेलं वर्षभर एकच कपाट बसवतो आहे) त्या महिन्यात भिंतीला हात लावणार नाही असं कबूल करायला लावलं, आणि तुझ्या भावजयीने तर दातांच्या डॉक्टरांनाच त्या आठवड्यात फिरायला जायला राजी केलं. ट्रायलच्या दिवशी मात्र मुलगी एक पेन आणि पाण्याची बाटली घेऊन एकटीच बसने गेली. ती जाताना मी वर बघितलंसुद्धा नाही, कारण आम्ही दोघं मुख्य परीक्षेचं नियोजन करत होतो.

निकाल लागला तेव्हा मी एका वकिलाची विजार आवळत होतो आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तिने दारातूनच मार्क सांगितले. वकील टाळ्या वाजवायला लागले. मी टाचण्या काढून म्हटलं, छान, ट्रायलच्या मानाने फारच छान. तेव्हा तिचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला, पण दुकानात उजेड कमी आहे. सल्लागाराला कळवलं तर तो हबकलाच. शिखर वेळेआधी आलं, म्हणाला, आता एखादं दुसरं शिखर शोधावं लागेल. आणि परवा जेवताना तुझी भाची शांतपणे सांगते की त्याच मार्कांवर तिने अर्ज केला होता, जागा मिळाली आहे, येत्या शनिवारपर्यंत संमतीपत्रावर बापाची सही हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

मी तिला हरतऱ्हेने समजावलं. म्हटलं, कच्च्या टाक्यांचा कोट घालून कुणी रस्त्यावर जातं का? तर म्हणते, गिऱ्हाइकाला तोच अंगावर बसला तर? तेव्हा मी तिला त्या घाईबाज गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. हा माणूस ट्रायलला आला, आरशात बघितलं, खूश झाला आणि मी चहा सांगायला वळलो तेवढ्यात तसाच मुलाखतीला निघून गेला. साहेबाशी हात मिळवताना उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि साहेबाच्याच हातात आली. ही सत्य घटना आहे, बाही माझ्याकडेच परत आली होती. मला वाटलं, झालं, पोरगी वरमली. तेवढ्यात तुझी भावजय विचारते, मग नोकरी मिळाली का त्याला? मिळाली. आजही तिथेच आहे, वर चढला आहे. पण मुद्दा तो नाही, आणि मुद्दा तो नाही हे त्या दोघी ऐकून घ्यायलाच तयार नाहीत.

तेव्हापासून ते संमतीपत्र माझ्या मशिनीवर कात्रीखाली पडून आहे. मुलगी माझ्याशी आईमार्फत बोलते. काल मी समोर असताना आईला म्हणाली, "आई, बाबांना सांग, मी परीक्षा दिली. खरीच दिली." लहानपणापासून ती तुझं ऐकते, म्हणून हे प्रकरण तुझ्या पदरात घालतो आहे. तिला चार ओळी लिही. घाई कसली, शिखर गाठून पुढच्या वर्षी जा, आपल्या घरात अर्धवट काम करायची रीत नाही, वगैरे. तुला लिहिणं जमतं. शनिवारच्या आत पोहोचेल असं बघ.

भाऊजींना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्याला आराम पडो, पण अगदीच इतका नको की तुला मुळीच आराम मिळू नये.

तुझा धाकटा,
कात्रीवाला

ता. क. ते कॉलेज तुझ्याच गावात आहे हे वर लिहायचं राहिलं. तुझ्या घरापासून बसने दोन थांबे, असं ती म्हणते. याचा तुझ्या मतावर परिणाम होऊ देऊ नकोस.

ता. क. २. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. ती म्हणते, यात माझं नाव घालून जे लिहिलं आहे ते मला मान्य नाही, दाढदुखीवाल्याला मी लगेच आत सोडते. शिवाय डॉक्टरांना तिने परवाच सांगून टाकलं की फिरायला जायची गरज उरली नाही. मला कोणी काही सांगत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा उघडलं. ताई, खरं सांगू का, मला ती जायला नको आहे. शाळेतून आली की ती माझ्या कापायच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून अभ्यास करते आणि मी या टोकाला कापतो. तिसऱ्या खेपेमुळे हे आणखी एक वर्ष चाललं असतं. सल्लागाराचा डोंगर मला एवढा का आवडला ते आता तुला कळलं असेल. आज सकाळी सही केली. पेनाचं टोपण लावायच्या आत ती कागद घेऊन पळाली, आणि मग परत येऊन माझ्याशी थेट बोलली. तेव्हा तिला वरचं काहीएक लिहू नकोस. ती तुझ्याकडे राहील त्या मागच्या खोलीच्या खिडकीची उंची आणि रुंदी तेवढी कळव. सकाळी डोळ्यांवर उजेड आला की तिची झोप मोडते, आणि पडद्याचं कापड मी घेऊन ठेवलं आहे. माप भाऊजींना विचारू नकोस, ते अंदाजाने सांगतात. तू स्वतः मोज.