गवंड्यांचं ट्रेनिंग

अण्णा, पन्नाशी गाठल्यावर मी सध्या ट्रेनिंगला जातोय. नांदेडच्या ज्या क्लासमध्ये बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, त्याच क्लासच्या वरच्या मजल्यावर. मंदी आहे म्हणतात. पोरं मोबाइलवरच्या शिकवणीकडं वळली, दोन बॅचेस बंद पडल्या, आणि मालकांनी आम्हा सहा शिक्षकांना बोलावून सांगितलं की ज्याला कॅमेऱ्यासमोर शिकवता येईल तो राहील, बाकीच्यांनी आपापलं बघावं. उद्या ट्रेनिंगचा शेवटचा दिवस. उद्याच प्रत्येकानं दहा मिनिटांचा धडा रेकॉर्ड करून दाखवायचा आहे. शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी. तो मला सर म्हणतो आणि डिजिटल बोर्डावरचा पेन कसा धरायचा ते दाखवतो. मी शहाण्यासारखी मान डोलावतो.

आज सरावात माझी पाळी आली. समोर पोरं नव्हती, नुसता कॅमेरा. मी सवयीनं विचारलं, "कळलं का रे?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. सगळे हसले. तो म्हणाला, "सर, लई थांबून राहिले तुम्ही. तेवढ्यात पोरगं दुसरीकडं जातंय." बरोबर होतं त्याचं. मग मी पान उलटायला गेलो, तर बोर्डावर लिहिलेलं सगळंच पुसलं गेलं. ते परत कसं आणायचं हे त्यानं तीन दिवसांत चारदा सांगितलं होतं. पाचव्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. निलंग्याकडच्या आपल्या गावातली निम्मी घरं तुमच्या हातची. दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीच्या छताचं माळवद. भिंत कुठं कललीय हे ओळंबा न लावता तुम्ही नुसत्या नजरेनं सांगायचात. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे त्यातल्या कितीतरी बसल्या. शेजारची काकू तुम्हीच बांधलेल्या भिंतीखाली गेली. तुम्हाला कुणी बोललं नाही, सगळीकडं तसंच बांधायचे. पण तुम्ही महिनाभर करणी-थापीला हात लावला नाहीत. मग लातूरला गवंड्यांचं ट्रेनिंग निघालं. त्यात पास होईल त्यालाच नव्या घरांचं काम मिळणार होतं. तुम्ही गेलात. विशी-पंचविशीतला इंजिनियर तुमच्याकडून भिंत बांधून घेतो, चुकली म्हणतो, पाडायला लावतो. तुम्ही निमूट पाडता.

एका संध्याकाळी तुम्ही माझ्या लातूरच्या खोलीवर आलात. मी बारावीला, क्लासच्या तिघांबरोबर राहायचो. तुम्ही दारातच उभे, हातात पातळशी पुस्तिका.

"ह्यात काय लिवलंय ते एकदा वाचून दाव. परवा तोंडी इचारणार हायेत. त्या पोराला पुन्यांदा इचारायला लाज वाटायलीय."

"अण्णा, उद्या टेस्ट हाय माजी."

टेस्ट पुढच्या सोमवारी होती. बापाला वाचता येत नाही हे त्या तिघांना कळेल, एवढंच मला सुचलं. "बरं बरं, तू कर," म्हणून तुम्ही कोपऱ्यात बसलात आणि चित्रं बघत राहिलात. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरलेला सिमेंटचा पट्टा. तुमचं बोट त्या पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. मला दिसत होतं. मी उठलो नाही.

तुम्ही नापास झालात. आईला म्हणालात, "नजर काम देईना आता." सुट्टीत आलो तेव्हा नव्या वसाहतीत तुमच्या हाताखाली शिकलेले गवंडी भिंती रचत होते आणि तुम्ही त्यांना घमेली देत होतात. तुम्ही मला कधी एका शब्दानं टोचलं नाहीत. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं मी मनाशी पुष्कळदा म्हणालोय. बघा, तेही तुमच्यावरच ढकललं. पुढं वर्गात "पुन्हा सांगा ना सर" म्हणणाऱ्या एकाही पोराला मी परत पाठवलं नाही. त्यानं तुमचं काय भलं होणार होतं?

घरी येऊन मी लॅपटॉपवर सरावाला बसलो आणि पुन्हा पान पुसलं. लेक वही मिटून आली. "पप्पा, मी दाखवते की! दहा मिनिटांचं काम आहे." मायेनंच म्हणाली. मी म्हणालो, "येतंय मला. जा, अभ्यास कर." जरा आवाज चढवूनच म्हणालो. ती गेली. तुम्ही परक्या पोरांसमोर दारात उभं राहून विचारलंत; मला घरातल्या घरात पोटच्या पोरीला विचारता आलं नाही. त्या दारात उभं राहायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते आज कळतंय, आणि आता कळून कुणाच्या कामाचं?

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. उद्या दहा वाजता माझं नाव पुकारतील. बायकोला सांगितलंय तयारी झाली, मालकांना सांगितलंय जमतंय. अण्णा, मला येत नाही. तुम्ही ऐकणार नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.