सुकेळ्यांची शेवटची ओळ

आई, गच्चीची किल्ली माझ्याजवळच असते, हे आधी सांगते, म्हणजे मला वेड लागलंय असं तुला वाटायला नको. बोळिंजच्या या इमारतीत वर कुणी फिरकत नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. माझी नोकरी संपली, घर खायला उठलं, म्हणून यंदा भुईगावच्या मामेभावाकडून राजेळी केळी आणली, पिकवली, सोलली आणि सुकेळी करायला तुझ्यासारखी ओळीनं उन्हात मांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी उलटायला गेले, तर ती आधीच उलटलेली. प्रत्येकावर अंगठ्यानं दाबून पाहिल्याची खूण. मी दाबते तेव्हा नखाची कोर उमटते. इथं नुसता गुळगुळीत खळगा होता. तुझ्या उजव्या अंगठ्याचं नख कोयत्यानं गेलं होतं, ते मला तिथं भर उन्हात उभ्या उभ्या आठवलं. सगळ्या ओळी उलटल्या होत्या, फक्त दाराजवळची शेवटची तशीच होती.

बाबांनी दुसरं घर केलं, कोर्टात सह्या झाल्या, आणि तू मला घेऊन पापडीहून मामाच्या वाडीत आलीस. घटस्फोट हा शब्द तेव्हा कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. तू पोट भरायला सुकेळी करायला लागलीस, तर शेजारच्या काकू तोंडावर म्हणाल्या, “सोडलेल्या बाईच्या हातचा देवाला नाय चालत.” दुसऱ्या दिवशी तू मांडवावर दुप्पट केळी घातलीस. पुढे त्याच काकू दिवाळीआधी पिशवी घेऊन दारात यायच्या आणि तू त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायचीस. मला त्याची भारी मजा वाटायची.

मांडवावरची शेवटची ओळ माझी होती. मला ताप असो, शाळेतून उशीर होवो, तू तिला बोट लावत नव्हतीस. एकदा मी खेळत राहिले आणि माझी केळी एका अंगानं काळी पडली. रडायला लागले तर म्हणालीस, “तुझा तू उलटायचा. ऊन कोणाची वाट बघत नाय.” मग हातातलं काम न थांबवता, माझ्याकडे न बघता विचारतेस, “बाबांचा तुला आधी काय माहीत होता का गं?” मी नाही म्हणते. तू मान हलवतेस आणि पुढची ओळ घेतेस. दरवर्षी केळी सुकायला घातली की एकदा तरी हा प्रश्न यायचाच. शेवटी दवाखान्यातही विचारलास, आणि तेव्हाही मी नाहीच म्हणाले.

आज सहावा दिवस. काल मी गच्चीच्या कडीला दोरा बांधून ठेवला होता. दोरा जागच्या जागी, गाठ माझीच, आणि आत केळी उलटलेली. माझी ओळ मात्र रोज तशीच. मीही हट्टानं तिला हात लावलेला नाही. ती आता काळवंडायला लागली आहे. उद्या सगळी सुकेळी केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपात बांधायची. मग विचारायला तुला जागा उरणार नाही, आणि मला सांगायलाही.

म्हणून लिहिते. मला माहीत होतं, आई. पापडीला असताना दर रविवारी बाबा मला सायकलवर बसवून दळणाला न्यायचे, तेव्हा आम्ही गिरणीमागच्या त्या बाईच्या घरात जायचो. ती मला बिस्किटं द्यायची, वेणी घालायची. एकदा तिनं पाच पेडांची घातली. तुला तीन पेडांचीच येत होती. “कोणी घातली गं?” तू विचारलंस. मी म्हटलं, “मीच.” मी सातेक वर्षांची. तू बराच वेळ ती वेणी हातात धरून उभी होतीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवेन. आता वर जाऊन माझी ओळ उलटते. पण एवढं एक लिहिल्याशिवाय जिना चढवत नाही: तू ती वेणी सोडायला फणी घेऊन आलीस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले ना, ते खोटं होतं. ती वेणी मला फार आवडली होती. मी ती दोन दिवस तुला सोडू दिली नाही.