एका भोकाचे दोन हजार

अंजूर, ता. भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

विनिताला वहिनीचा आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

इकडे सगळे बरे आहेत. आक्कांचा गुडघा सुजलाय, पण जावयाला नको कळवू म्हणाल्या. तुझा दादा गोडाऊनच्या ड्युटीवर आहे. मलाही पॅकिंगला जायचंय, म्हणून भराभर लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच. फोनवर कानाचं नाव काढलं की तू फोन कापतेस. कागद कापता येत नाही. फाडलास तरी वाचूनच फाडशील.

अंबाडी गावच्या लग्नात, हळदीला तू मला सगळ्या बायकांत विचारलंस, "वहिनी, एका भोकाचे दोन हजार? तुझी पोरगी सोन्याच्या सुईने टोचते का गं?" बायका हसल्या. तुझी सासू तर पदर तोंडाला लावून हसली. मलाही म्हायती नव्हतं. आपली पूर्वी रोज ठाण्याला कान टोचायच्या कामाला जाते, पण मी कधी तिचं दुकान बघितलं नव्हतं.

म्हणून परवा खाडा करून गेले. दुपारभर बाकड्यावर बसले. आता ऐक, दोन हजार कशाचे ते.

सुई एकदा वापरली की डब्यात. परत कुणाला नाही. मी म्हटलं, "अगं चांगली धार आहे, फेकतेस काय?" तर म्हणते, "आई, गप बस, गिऱ्हाईक ऐकतंय." तो डबा न्यायला वेगळी गाडी येते, तिचे पैसे. चिमटे, तबकं पाकिटात बंद करून कुकरसारख्या मशीनमध्ये वाफेवर शिजतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला नाही तर सगळं परत शिजवायचं. आणि मशीन खरंच जंतू मारतं का, हे बघायला दर महिन्याला लॅबला काय काय पाठवतात. कानात घालायचं ते बाजारातलं पिवळं पत्र्याचं नाही. मोडक्या हाडात घालतात त्या धातूचं. पेनाने टिंब काढते, आरशात दाखवते, पुसते, परत काढते. एका पोरीच्या कानावर तीनदा काढलं. मलाच कंटाळा आला, तिला नाही आला. शिकायला लागली तेव्हा वर्षभर तिला सुई धरू दिली नव्हती. नुसती तबकं धुवायची, फरशी पुसायची. वर त्याची फी माझ्या पॅकिंगच्या पगारातून.

मग एक बाई लेकीला घेऊन आली. म्हणाली, "सुई नको, पोर घाबरते. गनने मार, पटकन होतं."

पूर्वी म्हणाली, "गन इथं न्हाय."

"अगं पार्लरमध्ये शंभर रुपयात मारतात."

"मावशी, ती गन प्लास्टिकची असते. उकळली तर वितळते, म्हणून कुणी उकळत नाही, नुसती पुसतात. आणि तिचा खिळा बोथट असतो. तो भोक पाडत नाही, ठेचतो. कानाच्या वरच्या कडक भागाला तर नकोच."

बाई उठून गेली. पूर्वीच्या हातचे दोन हजार गेले. तिला काही वाटलं नाही. मला मात्र गन मारल्यावर पुढे काय होतं ते ठाऊक होतं. तुलाही आहे.

पूर्वीच्या दहावीची सुट्टी होती. तुझ्या पडघ्याच्या पार्लरात तू तिचा कान वरच्या बाजूला फुकट टोचलास. आधीच्या बाईचं रक्त लागलेली गन ओढणीला पुसून. चौथ्या दिवशी कान वांग्यासारखा झाला. डॉक्टरने चिरून पू काढला. आतलं कडक ते सडून गेलं. आता तो कान कसा आहे माहीत आहे? सुकलेल्या आमसुलासारखा. आणि तू गावभर, सासरभर सांगत फिरलीस, पोरगी घाणेरड्या हाताने खाजवत बसायची.

आणि आता तूच पूर्वीला फोन केलास. तुझ्या भाविकला पाचवं वर्ष लागलं, कान टोचायचेत. "आत्याकडून पैसे घेशील का गं? आणि आईला नको सांगू." पूर्वीला खोटं बोलता येत नाही, चुलीपाशी बसून सगळं ओकली.

तुझ्या पार्लरात गन आहे. तुझा हात आहे. फुकट आहे. मग तुझ्या एकुलत्या एका लेकाला ठाण्याला का नेतेस, विनिता? हे मी तुला नाही विचारत. उत्तर तू फोन करून दिलंस.

पूर्वी हो म्हणाली, फुकट करीन म्हणाली. आत्या आहे म्हणते. तिचं मन मोठं असेल. माझं नाही. पैसे पुरे घेणार, पावतीही फाडायला लावणार.

येत्या रविवारी तुझी सासू, नवरा, सगळ्यांना दुकानात घेऊन ये. रीतीप्रमाणे भाविकला मामा मांडीवर घेईल. पण पोरगा मांडीवर बसायच्या आधी तू सासूसमोर मोठ्याने म्हणायचं, पूर्वीचा कान माझ्या गनने गेला. नाही म्हटलंस तर मामा उठून घरी येईल. मग सासरच्यांना सांग, मामा का उठला. तुझा दादा कधी माझ्या बाजूने बोलत नाही. ह्या वेळी विचारलं तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "ती बोलली, की बसतो."

अजून एक. पूर्वी बाहेर सदा केस मोकळे सोडून तो कान झाकते. कामाला मात्र घट्ट वर बांधते, तिथला नियमच आहे. भाविकच्या कानाशी ती वाकेल तेव्हा तिचा कान तुझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर असेल. तेव्हा डोळे मिटू नको. पोरगा तुझ्याकडे बघत असेल, तो घाबरेल.

माफी मागू नको. ती मी घेणार नाही.

दारात उभी असेन,
पूर्वीची आई
सीता