रिकाम्या गोण्या

नालंदा गल्ली,
छत्रपती संभाजीनगर
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजेंद्र,

सप्रेम जयभीम.

काल सकाळी अकराच्या सुमारास आक्षेपकांच्या यादीतून माझं नाव निघालं. वहिदाने संकुल उभारणी मंडळाच्या फलकावरची यादी स्वतः वाचली, फोटो काढला आणि मगच मला फोन केला. माझ्या हाताखाली तयार झालेली बातमीदार आहे ती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती काही सांगत नाही.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण आज आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस, त्यामुळे पहाटेपासून हंडे मांडून बसली होती. मी म्हटलं, मोटार आहे, टाकी आहे, हंडे कशाला? म्हणाली, "टाकीला काय कळतंय, उद्या येतंय का नाय ते." तुझी आठवण काढते. संध्याने आणलेले तिळाचे लाडू तिने एकटीने संपवले.

संध्या गेल्या शनिवारी येऊन गेली हे तुला ठाऊक असणारच. तासभर बसली. उठताना चप्पल घालता घालता म्हणाली, "ताई, हे म्हणत होते, अर्ज मागे घेतला तर बरं होईल. जूनमध्ये यांची अधीक्षक अभियंता म्हणून बढती व्हायची आहे. मंचावर हे, आणि समोर तुम्ही. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील, भाऊ-बहीण दोघं वेळेवर आले. ती हसली नाही. मला वाईट वाटलं, कारण ती बिचारी निरोप घेऊन आली होती, भांडायला नाही.

फोन न करता पत्र का लिहिते, ते पुढे सांगते.

आधी सुनावणीचं. तुला सगळं माहीत आहे, पण मला सवयच अशी लागली आहे की बाहेरगावच्या माणसालाही कळेल असं लिहायचं. बायपासच्या पलीकडच्या शताब्दी संकुलाला आठ वर्षं झाली. अठरा महिन्यांत बेचाळीस कोटींत होणार होतं. आता तिसऱ्या सुधारित अंदाजपत्रकात एकशे अडुसष्ट कोटी लागले आहेत आणि छत अजून नाही. ते पुरं करायला घरपट्टीसोबत प्रत्येक घराला वर्षाला अकराशे चाळीस रुपये संकुल अधिभार. त्यावर सोमवारी, २४ तारखेला, अकरा वाजता जनसुनावणी. मंडळाच्या बाजूने उत्तर देणार कार्यकारी अभियंता राजेंद्र पुंडलिक वाहुळे.

आक्षेप क्रमांक चौदा माझा होता. नोटिशीतला सातवा नियम असा, की ज्याने अधिभार तक्रार न नोंदवता भरला, त्याचा आक्षेप निकाली निघाला असं समजलं जाईल. आणि मंडळाच्या नोंदीनुसार मी तो १० तारखेला भरला. ऑनलाइन.

राजेंद्र, मी भरला नाही.

वहिदाने पावती काढून पाठवली. नाव माझं, घर क्रमांक आपला, आणि खाली ज्या मोबाइलवरून भरणा झाला त्याचे शेवटचे चार आकडे. ते मला पाठ आहेत. बाबा गेले त्या सकाळी घाटी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तोच नंबर फिरवत होते.

तू काय समजून भरलास, याचा मी दिवसभर विचार केला. असंही असेल, की तुला वाटलं ताईला पेन्शन पुरत नाही, अकराशे रुपयांसाठी एवढी धडपड करते आहे, भरून टाकू, गप्प बसेल. तू तसा आहेसही. माणसं बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. तू हे घर माझ्या नावावर व्हावं म्हणून स्वतः हक्कसोड लिहून दिलीस, तेही मी न मागता. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण तो सातवा नियम कोणाच्या टेबलावर तयार झाला, हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या आहेत आणि मला त्या वेगवेगळ्या करता येत नाहीत. तुला येत असतील तर कळव.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुला बोलायचा मला हक्क नाही.

अधिभाराविरुद्ध अर्ज केला तेव्हा खरंच मला फक्त खर्चाचं विचारायचं होतं. मग मी अंदाजपत्रकाची प्रत मागवली. चारशे अकरा पानं. त्यात पायाच्या खोदाईचं जुनं वाढीव देयक आता मंजुरीला घातलं आहे. कठीण कातळ, ब्रेकर लावून फोडला, म्हणून मुरमाच्या कितीतरी पट दर. आणि पुरावा म्हणून जोडपत्र 'क' मध्ये काय? माझी बातमी. ९ नोव्हेंबर २०१७, पान तीन, माझ्या नावानिशी. "कठीण कातळ फोडून संकुलाचा पाया आकाराला येत आहे."

ते वाक्य माझं नाही, तुझं आहे. त्या दिवशी मजकूर सहाला द्यायचा होता. पाच वीसला मी तुला फोन केला. तू तेव्हा तिथे उपअभियंता होतास. तू सांगितलंस, मी लिहिलं. एकतीस वर्षांत मी तहसीलदाराचं एकट्याचं ऐकून कधी बातमी दिली नाही, मंत्र्याचंही नाही. दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पानावर ओळ जाऊ दिली नाही. नव्या मुलांना तेच शिकवलं. पण तुझं ऐकलं आणि दुसरा फोन लावला नाही. साइट सायकलवरून वीस मिनिटांवर होती. भावाला कुठे पडताळून पाहतात?

तेवढ्यासाठी हे पत्र. एकदा तुझं फोनवर ऐकून लिहिलं, ते सात वर्षांनी माझ्यापुढे आलं. आता जे विचारायचं ते लिहून विचारते, तूही लिहून सांग.

गल्लीतल्या बन्सीला ओळखतोस. तेव्हा तिथे पोकलेनवर होता. परवा पाराजवळ भेटला तेव्हा विचारलं, किती कातळ होता रे?

"कातळ? कुठला कातळ, ताई? ब्रेकर जोडलाच नाय आपण. बकेटनंच निघाला समदा. मुरूमच व्हता, लई मऊ. दोन दिवस आधीच उरकलं काम, मुकादमानं भजी खाऊ घातली."

मी म्हटलं, हे माझ्याजवळ बोललास ते ठीक, तुझं नाव कुठे येऊ देत नाही. तुला उद्या काम मिळायचं नाही.

तर म्हणाला, "नाव लिवा. खोदलं म्या, अन् नाव दगडाचं?"

सोमवारी तोही येणार आहे.

राजेंद्र, तुला आपल्या विहाराचं बांधकाम आठवतं? तू नऊ वर्षांचा होतास, मी पंधराची. लोकांनी कमाईचा विसावा भाग काढून दिला होता. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने विटा वाहिल्या. बाबा गवंडी, मजुरी न घेता भिंती उचलत होते. आई चौथी शिकलेली, म्हणून वाचायचं काम तिचं. दर रविवारी वंदना झाली की ती उभी राहून आठवड्यात काय आलं, काय लागलं ते वाचायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फेकायच्या नाहीत असा दंडक होता. त्या झटकून, घडी घालून, तिच्यासमोर रचून ठेवायच्या. ज्याला वाटेल त्याने मोजून घ्याव्यात.

त्या रविवारी तिने वाचलं, पन्नास गोण्या लागल्या. सगळे उठायला लागले. आणि तू मागून ओरडलास, "रिकाम्या सत्तेचाळीसच हायेत!"

आईने गोण्या पुन्हा मोजल्या. मग बाबा थापी धुता धुता उठले आणि म्हणाले, "तीन माझ्या घरी हायेत. ओटा खचला व्हता. पुढल्या महिन्यात आणून टाकणार व्हतो." मान खाली घालून म्हणाले. मला वाटलं, आज हा पोरगा मार खाणार. बाबांनी तुला खांद्यावर घेतलं आणि गल्लीभर फिरवलं. "माझ्या पोरानं मला पकडलं," असं सांगत फिरले. पुढचे दोन महिने रोजच्या कामानंतर कुंभारवाड्यात जादा भिंती बांधून त्यांनी त्या तीन गोण्या भरल्या. त्याच आठवड्यात ते आईला म्हणाले, हा इंजिनेर होणार.

तू झालास. मी सोमवारी जे विचारणार आहे ते तुझंच वाक्य आहे. ते मी तुझ्याकडून घेतलंय. कातळ फोडला म्हणता, तर मोजमाप पुस्तिका लोकांसमोर ठेवा. ब्रेकर आला कधी, गेला कधी, डिझेल किती, निघालेला दगड टाकला कुठे. पन्नास लागल्या तर पन्नास रिकाम्या दाखवा. एवढंच. ते दाखवेपर्यंत आमच्याकडून अधिभार मागू नका.

तू त्या वेळी स्वतः साइटवर होतास की तुलाही कोणी फोनवर सांगितलं होतं, हे मला माहीत नाही. मी अंदाज करणार नाही. पण आताच्या अंदाजपत्रकावर सही तुझी आहे.

तर कालचं पुढचं. अकराला वहिदाचा फोन आला. आक्षेप घ्यायची मुदत संध्याकाळी पाचची. सहा तास. मी याहून कमी वेळात अख्खं पान लावलेलं आहे, तेही वीज गेलेली असताना.

नोटीस पुन्हा वाचली. सातव्याच्या खाली नववा नियम आहे, तो घालताना तुमच्यापैकी कोणाचं लक्ष नव्हतं बहुतेक: आक्षेपकास स्वतः बोलणे शक्य नसल्यास लेखी अधिकारपत्राने प्रतिनिधी नेमता येईल. किती जणांनी एकच प्रतिनिधी नेमावा, यावर काही मर्यादा नाही.

मी आक्षेपाचे आणि अधिकारपत्राचे कागद घेऊन बाहेर पडले. सारजाबाईंपासून सुरुवात केली. त्यांना सही येत नाही. शाईचं पॅड पुढे केलं तर म्हणाल्या, "मतदानाला बोट दिलं, राशनला बोट दिलं, हिथं अंगठा. आता काय, समदं अंगच द्यावं का सरकारला?" आणि दोनदा उठवला, एक पुसट आला म्हणून. कोपऱ्यावरचे पंक्चरवाले नवाबभाई टायर सोडून आले. "बाजी, हमारा भी नाम डालो. नल हमारे को बी छटे दिनच आता." कोणी विचारलं नाही की पुढे काय होईल. एकदोघांनी एवढंच विचारलं, समोर राजू बसणार ना? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग बरं, आपलाच आहे, ऐकेल.

आईने सगळ्यांचे कागद अनुक्रमे लावले. मी म्हटलं, तुला राग नाही ना आला? म्हणाली, "त्याला म्हणावं, मापं घिऊन ये. येताना जेवून येऊ नको म्हणावं, भाकरी इथं हाय."

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी मंडळाच्या खिडकीवर होते. आवक-जावकच्या बाईने शिक्का मारता मारता विचारलं, "सगळे एकाच गल्लीतले?" म्हटलं, हो, एकच पावती भरून झालीय तिथली, बाकी राहिलीत.

तर आता सोमवारी असं होईल. नियमानुसार प्रत्येक आक्षेपकाला तीन मिनिटं. तू क्रमांक पुकारशील, मी उठेन. पहिली तीन मिनिटं सारजाबाईंची. त्यात मी माझी बातमी वाचणार आणि सांगणार, हे वाक्य खोटं आहे, ते मी लिहिलं, न पाहता लिहिलं, जोडपत्र 'क' मधून ते काढून टाका. कोणाकडून ऐकलं, हे मी सांगणार नाही. बातमीदाराने ते सांगायचं नसतं. ते सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. तीन मिनिटं झाली की तू दुसरा क्रमांक पुकारशील, मी पुन्हा उठेन. एकशे एकोणनव्वद मिनिटं होतात. पाण्याची बाटली आणते, तुझ्यासाठीही आणते.

संध्याला सांग, लाडू छान होते. पावतीचे अकराशे चाळीस या पाकिटात चेकने आहेत. ते तू परत पाठवू नकोस.

मोजमाप पुस्तिका घेऊन आलास, तर सगळ्या गल्लीसमोर आई ती वाचेल. चष्मा बदलून घेतलाय तिने. नाही आणलीस, तरी आम्ही बसलेलो असू.

आक्षेप क्रमांक २१५ ते २७७ यांच्या वतीने,

तुझी ताई,
करुणा