इंद्रभानबद्दलचा शेरा

८ जून १९३१, सोमवार
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

सकाळी हायस्कुलात व्याख्यान दिलं. विषय, मॅट्रिकनंतर पुढे काय. दरवर्षी देतो. हेड क्लार्क म्हणून तालुक्यातल्या तरुणांसाठी माझं काही कर्तव्य आहे. सांगितलं, कचेरीत उमेदवारीला या. पगार मिळत नाही, पण काम अंगात मुरतं आणि जागा निघाली की पहिला हक्क तुमचा. एका पोरानं उठून विचारलं, तुमच्या हाताखालचे आजवर किती कायम झाले. असल्या पोरांना कचेरीत घेऊ नये. मी म्हणालो, एक जण अगदी मार्गावर आहे. तो एक जण, इंद्रभान, माझी छत्री धरून मागच्या बाकावर बसला होता. सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला. नाव कुणीच नोंदवलं नाही.

११ जून
इंद्रभान बीबी गावचा. बाप पुंजाजी शेती करतो. पोरगा मॅट्रिक जरा उशिरा झाला. अडीच वर्षं माझ्याकडे उमेदवार आहे. आवक, जावक, तक्ते, सगळ्या फेअर कॉप्या तोच करतो. म्हणजे मी त्याच्याकडून करून घेतो. शिकवायची दुसरी रीत नाही. अक्षर छापल्यासारखं.

आज हिनं जेवताना विचारलं, सगळं तो करतो तर तुम्ही काय करता. मी सही करतो, असं सांगितलं. सहीची जबाबदारी बायकांना कळत नाही. तरी ठरवलं, सोमवारपासून निम्मं काम स्वतः करायचं.

१५ जून, सोमवार
डोकं दुखत होतं. पुढच्या सोमवारपासून.

१८ जून
जिल्ह्याहून पत्र. खामगावला कायम कारकुनाची जागा निघाली आहे. हेड क्लार्कांनी आपापल्या उमेदवाराबद्दल कॉन्फिडेन्शियल शेरा तीस तारखेच्या आत पाठवावा.

इंद्रभान एक ऑगस्टला पंचविशी पूर्ण करतो. पंचविशीनंतर सरकारी नोकरीत घेत नाहीत. म्हणजे त्याच्यासाठी ही शेवटची जागा. पत्र त्यानंच फोडलं, आवकेत चढवलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसला. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी आहे. हाव बाबूजी, म्हणाला. मनापासून आनंद झाला.

१९ जून
आनंद आहेच. फक्त विचार केला की तो गेल्यावर तक्ते कोण करणार. सहज एक तक्ता उघडून पाहिला. त्यात बावीस रकाने आहेत. पूर्वी इतके नव्हते.

२३ जून
खूप विचार केला. त्याच्या हिताचाच केला. खामगाव म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ, नाना तऱ्हेची माणसं, पोरगा भोळा. शेऱ्याचा ड्राफ्ट लिहिला: मेहनती आहे, परंतु स्वतंत्र जबाबदारीसाठी अद्याप पक्का नाही, आणखी एक वर्ष हाताखाली ठेवणे इष्ट. इंग्रजीत हे जास्त सौम्य वाटतं. वयाचं मी विसरलेलो नाही. पण वयाच्या बाबतीत साहेब लोक कधीकधी सवलत देतात असं ऐकून आहे. कुणाला दिली ते ऐकलेलं नाही.

फेअर कॉपी अर्थात स्वतः करायची. कागद त्याच्या नजरेस पडता कामा नये.

२४ जून
दोन वेळा लिहायला बसलो. पहिल्यांदा शाई सांडली. दुसऱ्यांदा ओळ वर चढत गेली. उद्या.

२७ जून, शनिवार, कचेरी सुटल्यावर
आज काय झालं ते लिहायलाच हवं.

सव्वाचार वाजता इंद्रभान नेहमीप्रमाणे सहीसाठी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. मी नेहमीप्रमाणे न वाचता सह्या करत होतो. सहाव्या कागदावर हात थांबला. माझा शेरा. त्याच्या अक्षरात. ड्राफ्ट मी बाकीच्या ड्राफ्टांबरोबर त्याच्या टेबलावर ठेवून दिला होता. अडीच वर्षांची सवय; हाताला कुठं काय कळतं.

शब्द न शब्द जसाच्या तसा. एक स्वल्पविरामही त्यानं बदलला नव्हता. टीपकागद हातात घेऊन शेजारी उभा होता. मी वर पाहिलं नाही. कागद फाडता आला असता. फाडून नवा लिहायला पाच मिनिटं पुरली असती. तो हळूच म्हणाला, टपाल जाऊन राह्यली, बाबूजी. मी सही केली. त्यानं टीपकागद दाबला.

२८ जून
टपालाची वेळ झाली होती. सरकारी टपाल अडवणं हा गुन्हा आहे.

३० जून
तो रोज येतो. वेळेवर येतो. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

४ जुलै
पुंजाजी बीबीहून घरी आला. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया घेऊन. म्हणाला, पोरगं तुमच्या पदरात टाकलं, बाबूजी, आता खामगावचं तेवढं होऊन जाऊ द्या. म्हणजे इंद्रभाननं घरी काहीच सांगितलेलं नाही. मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत. तो माझ्या पाया पडला. वयानं माझ्याहून दहा वर्षं तरी मोठा.

कुरडयांना हात लावायचा नाही असं ठरवलं. हिनं तळल्या. चार खाल्ल्या. मग हिला सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, त्याले काऊन अडकवलं हो तुम्ही? मी शेऱ्यातली मुद्देसूद कारणं सांगायला लागलो. ती ताट उचलून निघून गेली.

९ जुलै
निर्णय घेतला. दुसरं पत्र. पहिला शेरा घाईत लिहिला गेला, हा उमेदवार माझ्या पाहण्यातला सर्वोत्तम, जागा त्यालाच द्यावी. दोन पानं. सबंध स्वतःच्या हातानं लिहून टपालात टाकली. रात्री झोप चांगली लागली.

२० जुलै, सोमवार
पत्र परत आलं. वर लाल पेन्सिलीनं: अक्षर लागत नाही, स्वच्छ प्रत पाठवावी.

मान खाली घालून इंद्रभानकडे गेलो. म्हणालो, एवढी फेअर कर, आजच्या आज पाठवू. त्यानं दोन्ही पानं वाचली. त्याला माझं अक्षर लागतं. मग पानं नीट घडी करून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, बाबूजी, आपलीच तारीफ आपल्या हातानं मी कशी लिहू. मले नाही जमणार.

अडीच वर्षांत त्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं. मी म्हणालो, अरे, तो शेरा तर लिहिलास. म्हणाला, ते कचेरीचं काम होतं.

२१ ते २४ जुलै
चार दिवस स्वतः लिहीत होतो. नऊ कागद वाया. पोरांच्या कित्त्याची वही आणून जुन्या वळणाचा सराव केला. वय शेहेचाळीस. चोवीसच्या संध्याकाळी एक प्रत बरी निघाली. पाठवली.

३१ जुलै, शुक्रवार
जागा भरली. दुसऱ्या कचेरीतला उमेदवार, हुकूम बावीस तारखेचा. माझं पत्र पोहोचण्याआधीच. हुकूमही इंद्रभाननंच फोडला, आवकेत चढवला, माझ्यासमोर ठेवला. मग टेबल आवरलं, दौत पुसून ठेवली आणि आला. म्हणाला, उद्यापासून येत नाही, बाबूजी. वावरातलं काम करतो.

त्याची माफी मागायची, असं गेला महिनाभर मनाशी घोकत होतो. वाक्यंसुद्धा ठरवली होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, मग तक्ते कोण करणार?

तो म्हणाला, उद्या दुपारपर्यंत येतो, तुमाले सगळं समजावून देतो.

मी म्हणालो, जरा लवकर ये.